वाढत्या अंगाची सायकल

"दादा, धर! धर की रं दादा! पाय टेकंनात माझे!"

सुमी ओरडत होती आणि कालव्याच्या पुलाचा उतार तिला घेऊन खाली चालला होता. मी उताराच्या डोक्यावर उभा. दोन्ही हात अजून सायकलीचं मागचं कॅरेज धरल्यासारखे पुढं, आणि हातांत काहीच नाही. माझ्या मागं आठ-दहा पोरं शिट्ट्या मारत होती. चोवीस इंची हिरवी सायकल, तिच्या शीटावर नऊ वर्षांची माझी धाकटी बहीण, वेणीची लाल रिबीन वाऱ्यावर सुटलेली, आणि दोन्ही पाय पायडलांच्या वर अधांतरी. हे चित्र माझ्यासमोर एवढी वर्षं असंच थांबलेलं आहे. सुमी अजून खडीच्या ढिगापर्यंत पोचलेली नाही. तिला तिथंच ठेवून मला थोडं मागं जायचं आहे. ती त्या सायकलीवर चढली कशी, हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

आणि माझी जीभ रेटत नाही म्हणजे काय, हे मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. कचेरीत मला 'दहात अकरा' म्हणायचे. दहा वाक्यं बोललो की अकरा थापा निघायच्या म्हणून. आमच्या गावच्या उन्हाची गोष्ट मी निदान शंभर लग्नांच्या पंगतीत सांगितली असेल. मे महिन्यात अण्णांच्या गँगनं रुळावर पातेलं ठेवून डाळ शिजवली, आणि फोडणीच्या वासानं ड्रायव्हरनं पॅसेंजर थांबवून वाटी पुढं केली. लोक हसायचे, मला वाढप्याकडून एक बुंदीचा लाडू जास्त मिळायचा. अण्णा म्हणजे माझे वडील, पिंगळीच्या बाजूला रेल्वेच्या गँगमध्ये होते. डाळीची गोष्ट खोटी, पण रूळ तापायचे हे खरं. या प्रकरणात मात्र मी थाप मारणार नाही असं ठरवून बसलो आहे. एखादी निसटली तर सवयीचा दोष समजा.

अण्णांना थाप सोसायची नाही. हातोडीनं रूळ वाजवत मैलोन्‌मैल चालायचं आणि आवाजावरून तडा ओळखायचा, हे त्यांचं काम. रूळ ठणठणीत बोलला तर ठीक, बद्द बोलला की लाल झेंडी. माणसांनाही ते तसंच वाजवून बघायचे. मी आठवीत असताना शाळेत ऐटीत सांगितलं होतं, की आमच्या अण्णांनी एका हातानं मालगाडी थांबवली, इंजिनाच्या नाकावर अजून पंजाचा ठसा आहे. गुरुजींनी गंमत म्हणून अण्णांनाच विचारलं, "कोणत्या हातानं हो?" अण्णा घरी आले, हात धुतले, भाकरी खाल्ली, आणि मग शांतपणे म्हणाले, "बबन, नापास झालास तरी चालंल. पण आणखी एक थाप माझ्या कानावर आली, तर तुझं दप्तर ह्या चुलीत जाईल अन् तू माझ्यासंग घण मारायला." माय भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला. मारण्याच्या धमक्या आम्ही रोज ऐकायचो, त्या ऐकून कुत्रंसुद्धा उठायचं नाही. ही धमकी मात्र तशी नव्हती, हे आम्हा तिघांनाही कळलं. तिसरी सुमी. ती कोपऱ्यात पाटीवर पाढे लिहीत होती.

आमचं घर वस्तीच्या टोकाला, पत्र्याचं. पॅसेंजर लांबून गेली तरी फळीवरची भांडी थरथरायची आणि माय म्हणायची, "आले तुमचे अण्णा." म्हणजे अजून तीन तासांनी यायचे. घरात अंबाडीच्या भाजीचा आंबट वास, सणाला येसराची आमटी, एरवी भाकर आणि ठेचा. ठेचा असा, की एकदा मी झाकण उघडं टाकलं तर शेजारच्या गल्लीतलं मांजर तीन दिवस शिंकत होतं. (निसटली बघा.) आणि या सगळ्याच्या मधोमध मायची सुई. माय रोजानं शेतात जायची, पण तिची खरी पत सुईची होती. मशीन नव्हतं, टेप नव्हती. सुतळीचा तुकडा घ्यायचा, माणूस उभं करायचं, माप धरायचं, गाठ मारायची. तिच्या खुंटीला सुतळ्यांचा झुबका लटकलेला असायचा आणि कोणती गाठ कोणाची छाती, कोणाची बाही, हे तिला अंधारातसुद्धा बोटांनी कळायचं. जयंतीला अर्धी वस्ती मायच्या हातचे पांढरे कपडे घालून विहारात बसायची. एकाची बाही आखूड झाली असं कधी कोणी ऐकलं नव्हतं.

पण एक रीत तीही पाळायची, सगळी वस्तीच पाळायची. पोरांचं काहीही शिवायचं तर वाढत्या अंगाचं. माझी पाचवीतली खाकी चड्डी एवढी मोठी होती, की तिच्यात मी, माझं दप्तर आणि शेजाऱ्याचं करडू असे तिघं मावलो असतो. ती मला नेमकी बसायला लागली तेव्हा तिचं बूड राहिलं नव्हतं. चपलेच्या पुढं चिंधी कोंबायची, टोपीला आत पट्टी. सुमीच्या परकराला तर खाली चार दुमडी होत्या. दरवर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी माय एक दुमड उसवायची, तिथं एक फिकट रेघ उमटायची. परकरावरच्या रेघा मोजल्या की पोरीचं वय कळायचं.

सुमी चौथीत पहिली आली त्या वर्षी घरात सायकलीची गोष्ट निघाली. गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढं हायस्कूल पलीकडच्या मोठ्या गावात, चार मैलांवर. मी तिथंच नववीत होतो, पण आमचे वर्ग सकाळी भरायचे आणि पाचवीचे दुपारी. एवढी लहान पोर भर उन्हात एकटी चार मैल चालत जाणार नाही, असं अण्णांनी स्पष्ट सांगितलं. "सायकल आसंल तर जाऊ द्या. न्हाईतर चौथी लय झाली." मग सायकल ठरली. पैसे कुठून आले ते उगाळत बसत नाही. दाराशी बांधलेली म्हैस तेव्हापासून दिसेनाशी झाली, एवढंच सांगतो. म्हणजे ती सायकल ही काही हौस नव्हती. सायकल सुमीला चालवता आली तर शाळा, नाही आली तर नाही. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढं पळवाट काढायची मला सवय आहे.

वस्तीतले लोक सांगायला लागले, घेतलीच तर वाढत्या अंगाची घ्या, दहावीपर्यंत पुरंल. माय म्हणाली, "परकराला दुमड घालता येती. सायकलीला दुमड कुठं घालू?" तिनं सुमीला चौकटीला पाठ लावून उभं केलं, टाचा भिंतीला, आणि भूगोलाची वही तिच्या मांड्यांमध्ये आडवी धरायला लावली. वहीच्या वरच्या कडेपासून टाचेपर्यंत सुतळी ताणली आणि करकचून गाठ मारली. ती सुतळी माझ्या हातात देऊन म्हणाली, "शीट ह्या गाठीच्या वर नगं. बसली की दोन्ही पाय भुईला लागले पायजेत. चालवायला काय, कुणीबी चालवील. थांबायला भुई लागती."

सुमी एवढंच म्हणाली, "दादा, घंटी आसलेली आण."

आता माझं सांगतो. हायस्कूलच्या मार्गावर एका सावकाराचा पोरगा चोवीस इंची सायकलीवरून जायचा आणि आम्हा पायी चालणाऱ्यांवर धूळ उडवायचा. त्या धुळीत मी दोन वर्षं चाललो होतो. तशी सायकल माझ्या स्वप्नात यायची, घंटी वाजवायची आणि माझ्या अंगावरून निघून जायची. आता घरात सायकल येणार होती आणि ती काय, तर नऊ वर्षांच्या पोरीच्या मापाची! मी तिच्यावर बसलो असतो तर गुडघे कानाला लागले असते. मी मनातल्या मनात हिशेब जुळवला. मोठी सायकल घेतली तर सकाळी मी शाळेत जाईन, अकराला परत येईन, सुमीला डबलशीट नेईन, संध्याकाळी आणीन. सुमीची शाळाही होईल आणि माझी ऐटही. पंधरा वर्षांच्या पोराला स्वतःला फसवायला अर्धं मिनिट पुरतं. बाहेरच्यांना फसवायला थोडं जास्त लागतं, म्हणून मी पिंगळी स्टेशनापर्यंत थांबलो.

सायकल आणायला अण्णा आणि मी परभणीला निघालो, तेव्हा गाडी येईपर्यंत पिंगळीला अण्णा ओळखीच्या माणसाशी बोलत उभे राहिले. मी चिंचेमागं गेलो आणि दातांनी मायची गाठ सोडायला लागलो. तिची गाठ म्हणजे चेष्टा नव्हती. एक अख्खी मालगाडी निघून गेली तेव्हा ती सुटली. मग एक वीत आणि वर चार बोटं सरकवून मी दुसरी गाठ मारली. जुन्या जागी सुतळी मुरडलेली राहिली होती, ती थुंकी लावून चोळली. त्या सुतळीच्या हिशेबानं सुमी आता नऊ वर्षांची पोर राहिली नव्हती, पोलीस भरतीत उभी करण्याजोगी बाई झाली होती.

परभणीला स्टेशनाजवळच्या गल्लीत सायकलींचं दुकान होतं. मालकाला सगळे चाचा म्हणायचे. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "बच्ची कहाँ है?"

"घरी हाय," अण्णा म्हणाले.

"पाँव घर कू रख को चप्पल लेने आये क्या मियाँ?"

अण्णा ओशाळले. मी खिशातून सुतळी काढली आणि तोऱ्यात म्हणालो, "माप आणलंय, चाचा." दारातच एक बिननळीची, मोरपंखी रंगाची वीस इंची सायकल उभी होती, घंटीसकट. चाचानं सुतळी तिच्या शीटाला लावली. गाठ शीटाच्या कितीतरी वर गेली. त्यानं चष्मा कपाळावर नेला. "नौ साल की बोले ना तुम? क्या खिलाते जी बच्ची को?"

"भाकर," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "एवढी उंच झाली का रं आपली सुमी?"

इथं मी थांबून पाणी पिऊन आलो. अण्णा पहाटे निघायचे तेव्हा सुमी झोपलेली असायची, आणि यायचे तेव्हाही बहुतेक झोपलेलीच. त्यांना त्यांची पोर आडवीच माहीत होती. उभी केवढी दिसते हे त्यांना माझ्याकडून विचारून घ्यावं लागत होतं, आणि मी म्हणालो, "तर! लय वाढली, अण्णा. परवा मायच्या खांद्याला लागली." ते हसले. त्या हसण्यात केवढा अभिमान होता ते काय सांगू. रुळाचा केसाएवढा तडा ओळखणाऱ्या माणसाला पोटच्या पोराचा बद्द आवाज ऐकू आला नाही. चाचा शेवटपर्यंत पुटपुटत होता, "एक बार बच्ची कू लाके बिठाओ, फिर लेव." मी म्हणालो, "वाढत्या अंगाची घेतलेली बरी, अण्णा." अण्णांनी मान हलवली. चोवीस इंची, हिरवी, मधे जाडजूड नळी. घंटी बसवून घ्यायला मी विसरलो नाही. पापात एवढी सचोटी होती.

अण्णा गाडीनं गेले, मी सायकलीनं आलो. दारात पोचलो तर माय भांडं टाकून बाहेर आली आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी कडाडली, "ह्ये काय आणलंस रं? सायकल आण म्हणलं हुतं, उंट न्हाई! पोर काय शिडी लावून चढंल?" बाया जमल्या, पोरं जमली. मी सुतळी पुढं केली. "तुझ्याच मापानं आणलीय माय. लावून बघ." तिनं सुतळी हातात घेतली, सायकलीला लावली. गाठ शीटाला बरोबर टेकली. मग तिनं अंगठा गाठीवरून फिरवला. खाली आणला, मुरडलेल्या जागेवर एकदा थांबवला, पुन्हा गाठीवर नेला. माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, मेलो. तेवढ्यात वेशीकडून अण्णा आले. "काय झालं गं?"

"काय न्हाई," माय म्हणाली. "माझंच माप चुकलं वाटतं."

वस्तीतल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मायचं माप चुकलं! आणि मला काय वाटलं असेल? लाज? छे. मला वाटलं, वाचलो. सुमी तेवढ्यात सायकलीभोवती फिरून आली होती. टाचा उंचावून, हात ताणून तिनं घंटी वाजवली आणि हसली. तिची नजर हँडलच्या खालून पलीकडं निघत होती.

पंधरा दिवस मी राजा होतो. सकाळी मी, दुपारी सुमी मागं डबलशीट, मांडीवर दप्तर, ओठांत पाढे. येताना ती मला वर्गात काय झालं ते सांगायची आणि मी तिला थापा सांगायचो. मग पोरं चिडवायला लागली, "आला बघा बहिणीचा टांगेवाला!" मला ते फार झोंबलं. झोंबलं की माझ्या तोंडातून थाप निघते. मी म्हणालो, "टांगा कशाला? सुमी स्वतःच चालवती. शीटावर बसून, चोवीस इंची! हात सोडून! मी मागं उगं सोबतीला बसतो." पोरं म्हणाली, "दाखव मग." शनिवारी सकाळची शाळा सुटली, सगळी कालव्याच्या पुलावर जमली, आणि माझी थाप खरी करायला मला माझी बहीण लागली.

ती नको म्हणाली. "पाय पुरत न्हाईत, दादा." मी म्हणालो, "उतार हाय, पायडल मारायचंच न्हाई. खालच्या लिंबाच्या झाडापर्यंत जायचं, बास. मी मागं धरलंय ना." ती अजूनही घुटमळली. तेव्हा मी जे बोललो ते आजवर कुठं सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "तुला एकटीला आली तर मायला किती बरं वाटंल! तिचं माप चुकलं म्हणून सगळे हसायलेत तिला." मग सुमी लगेच चढली. मी तिला उचलून शीटावर ठेवलं, परकर खोचून दिला, चार पावलं कॅरेज धरून पळालो आणि पोरांकडं बघत हात सोडले.

आणि ती चालवायला लागली हो! यात थाप नाही. पहिले पन्नास-साठ कदम ती अशी ताठ, अशी सरळ गेली, की शिट्ट्या मारणारी पोरं गप्प झाली. ती काही न येऊन पडली नाही. तिला येत होतं. लिंब आला आणि तिला थांबायचं होतं, तेव्हा ब्रेकच्या दांडीला तिची बोटं पोचली नाहीत, आणि पाय खाली सोडले तर खाली भुई नव्हती. माय बोलली होती ते शब्द मला त्या क्षणी, अगदी तिच्या आवाजात, ऐकू आले. सुमी लिंब ओलांडून ओरडत गेली आणि रस्त्याच्या कामाला टाकलेल्या खडीत शिरली. मी पोचलो तेव्हा पुढचं चाक फिरत होतं. ती रडत नव्हती. डावा हात अशा बाजूला वळला होता, ज्या बाजूला हात वळत नसतात.

हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं बांबूच्या काड्या बांधल्या. हात जुळला, पण कोपरात वाकडा राहिला. तो आजही सरळ होत नाही. त्या संध्याकाळी अण्णा लवकर आले. सुमी घोंगडीवर पडली होती, मी दाराबाहेर भिंतीला टेकून ऐकत होतो. अण्णा ओरडले नाहीत. म्हणाले, "शाळा बास." मग मायकडं वळून म्हणाले, "एवढ्या दुनियेचं माप घेतीस, अन् पोटच्या पोरीचं चुकलं तुझं?" मी आत जाऊन एक वाक्य बोललो असतो तर पुरं होतं. चूल पेटलेली होती, दप्तर खुंटीला होतं. मी वाट बघत राहिलो, की माय काहीतरी म्हणेल.

"व्हय," माय म्हणाली. "माझंच चुकलं."

दुसऱ्या दिवसापासून सुमी घरी राहिली आणि सायकल मला मिळाली. कोणाच्या काही मनात आलं नाही, दुसरं कोण वापरणार होतं? त्याच सायकलीवर मी दहावी झालो, परभणीला कॉलेज केलं, तहसिलात चिकटलो. पुढच्या जयंतीला दोन-तीन घरांनी कपडे बाजारातल्या शिंप्याकडं टाकले. माय हळूहळू रजया शिवायला लागली. रजईला माप लागत नाही. सुमीचं लग्न झालं, गंगाखेडला गेली, मुलं वाढवली, मुलांचे अभ्यास घेतले. चौथीपर्यंतचे स्वतः, पुढचे शेजारच्या मास्तरीणबाईला विचारून विचारून. माय गेली, अण्णा त्याआधीच गेले. आणि मी? मी जगभर थापा सांगत फिरलो. या एका खऱ्या गोष्टीपासून लोकांचं लक्ष लांब ठेवायला तेवढ्या थापा लागत असाव्यात.

परवा नात म्हणाली, "आबा, मला सायकल." नात सात वर्षांची, नाव चिऊ. आता दुकानं काचेची झाली आहेत, सायकली गुलाबी, आणि विकणारा पोरगा मोबाइलमधून डोकं न काढता विचारतो, "वय?" जणू वयाला पाय असतात. मी त्याला म्हणालो, "पोरीला बसवून दाखव, पाय टेकू देत." तर म्हणतो, "काका, एक साइज मोठीच घ्या, पोरं पटापट वाढतात." मला काय झालं कोण जाणे, मी दुकानात एवढ्या मोठ्यानं ओरडलो की समोरच्या हॉटेलातला माणूस कप घेऊन बाहेर आला. सायकल न घेताच आम्ही बाहेर पडलो. चिऊ रडायला लागली. मी तिला एसटीत बसवलं आणि गंगाखेडला सुमीकडं नेलं. का नेलं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

सुमीनं आमच्यापुढं धपाटे आणि दही ठेवलं. सायकलीचं ऐकलं आणि ती उठली, फळीवरून सुतळी काढली, चिऊला चौकटीला पाठ लावून उभं केलं, माझ्याच खिशातली डायरी तिच्या मांड्यांमध्ये आडवी धरायला लावली. अगदी तसंच. डावा हात सरळ होत नाही म्हणून सुतळीचं खालचं टोक तिनं मला धरायला सांगितलं. मी टाचेशी उकिडवा बसलो. समोर चिऊची इवलीशी टाच, आणि वर सुमी, एका हातानं आणि दातांनी गाठ ओढत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडातून फोडणी न घातलेलं वाक्य बाहेर पडलं.

"सुमे, त्या टायमाला मायचं माप चुकलं नव्हतं. पिंगळीच्या स्टेशनात मी गाठ सोडली अन् वर बांधली. मला मोठी सायकल पायजे होती."

सुमीनं गाठ ओढून पक्की केली. दातात अडकलेला सुतळीचा धागा काढला.

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "मी पडले त्याच रोजी मायनं सांगितलं. अण्णाला कळालं तर दादाची बी शाळा जाईल, गप ऱ्हा म्हणली. टोक नीट धर, पोर कवाची अवघडून उभी हाय."